प्रति: पीएफचे सगळे पैसे होमलोनमध्ये भरू का?
भाऊ, नोकरी सोडून तालुक्याले मोटर रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं) दुकान टाकलं अन् पीएफचे सगळे पैसे लोनमध्ये भरून मोकळं व्हायचं म्हणता, डोक्यावर कर्ज नको वाटतेच, पण पहिल्या वर्षी असं करू नका. आपल्याकडं गिऱ्हाईक पैसे देते ते कापूस-सोयाबीन विकल्यावर, तांब्याची तार मात्र रोखीनंच आणा लागते, अन् तेव्हा हात रिकामा असला तर नवीन धंदेवाल्याले कर्ज द्यायच्या आधी बँक दोन-तीन वर्षांचे आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) मागते. म्हणून सहा-आठ महिन्यांचे हप्ते अन् घरखर्च बाजूला ठेवाच.

उरलेलं भरा. १० लाख, ९ टक्के, १५ वर्षं धरलं तर हप्ता १०,१४३ च्या आसपास, त्यातले पहिल्या महिन्यात ७,५०० नुसतं व्याज, म्हणजे लवकर भरलेला पैसा जास्त कामाचा हे खरंच. फ्लोटिंग रेट (बदलता व्याजदर) असंल तर प्रीपेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी पैसे भरल्याचा, दंड लागत नाही, सुगीत थोडे थोडे भरा, अन् हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा असं लिहूनच द्या. होमलोन ओव्हरड्राफ्ट मिळते का तेही विचारा, त्यात ठेवलेल्या पैशावरचं व्याज वाचते अन् अडीनडीले काढताही येते.