हम्पी: हॉटेल २ किमी लिहिलंय आणि रस्ता वीस किमीच्या वर?? अर्जंट

चटणीभाकर
लोकहो मदत हवी आहे, जरा घाईत आहे. हम्पीचं बुकिंग केलंय, पैसे भरून झालेत. फोटोत भाताची शेतं, मागं दगडांचे डोंगर, एकदम झकास. विरूपाक्ष मंदिर २ किमी असं लिहिलं होतं म्हणून घेतलं आणि आज सहज नकाशात गाडीचा रस्ता टाकला तर वीस किमीच्या वर दाखवतोय! नकाशा गंडलाय का मी? हॉटेलवाला फोनवर "नो प्रॉब्लेम सर, बोट है" एवढंच म्हणतो. आईला घेऊन जायचंय. बुकिंग उद्या दुपारपर्यंतच रद्द करता येतं, त्यामुळे प्लीज पटकन सांगा.

पायपीट
कुठून निघताय? कधी? किती दिवस? गाडी स्वतःची का? आईंचं वय काय? आम्ही काय पंचांग घेऊन बसलोय का इथं :)

मिरज_जंक्शन
गाडी मुळात हवीच कशाला. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस धरा, मिरजेला बसलात की थेट होस्पेटला उतरायचं, तिथून हम्पी १३ किमी, रिक्षा मिळते. मी चार वेळा असाच गेलोय, डबा सोबत, खिडकी मिळाली की झालं.

दगडफूल
नकाशा बरोबर आहे. मध्ये तुंगभद्रा आहे राव! हॉटेल पलीकडच्या काठावर असणार, आनेगुंदी-सणापूरकडं. २ किमी कावळ्याला, तुम्हाला बुक्कसागरच्या पुलावरून वळसा. भाताची शेतं म्हणालात तिथंच कळलं.

चटणीभाकर
अरे पण बोट आहे म्हणतोय ना तो. साताऱ्याहून निघतोय, गाडी आहे, दोन रात्री.

दगडफूल
कधी निघताय ते अजून सांगितलं नाहीच.

चटणीभाकर
या शुक्रवारी की.

दगडफूल
म्हणजे ऐन ऑगस्टात. मग बोट विसरा. वर होस्पेटला धरण आहे, दरवाजे उघडले की बोट बंद. विठ्ठल मंदिराजवळ नदीत पुरंदरदास मंडप आहे, आमच्या वेळी त्याचे खांब निम्मे पाण्यात होते, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मंडपच गायब. नावाडी काठावर बसून विड्या ओढत होते. एरवीसुद्धा संध्याकाळी लवकर बंद होते, काळोख पडला की तुम्ही अलीकडं आणि तुमच्या बॅगा पलीकडं. रद्द करा आणि होस्पेट नाहीतर कमलापूरला, म्हणजे देवळाच्याच काठाला, खोली बघा.

निवांत_नारायण
असहमत. खरी मजा पलीकडंच आहे. अंजनाद्री, सणापूरचा तलाव, निवांतपणा. होस्पेटला राहायचं म्हणजे कुठल्याही तालुक्याच्या गावाला राहिल्यासारखं.

दगडफूल
अंजनाद्रीला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. त्यांच्यासोबत आई आहे.

डोंगरवेडा
मतंग टेकडीवरचा सूर्योदय चुकवू नका!! पहाटे पाचला टॉर्च घेऊन निघायचं. हम्पी म्हणजे मतंग, बाकी सगळं नंतर.

पायपीट
आईंच्या वयाचा प्रश्न अजून तसाच आहे.

चटणीभाकर
७१. गुडघा दुखतो, पण वारीला गेलेली आहे बरीच वर्षं. तिलाच जायचंय खरं म्हणजे, तिथलं विठ्ठल मंदिर बघायचंय, दर्शन घ्यायचं म्हणते.

दगडफूल
थांबा थांबा. दर्शन? तिथं गाभाऱ्यात मूर्ती नाही हो. रिकामा आहे. पूजा चालते ती विरूपाक्षाला. हे त्यांना आधीच सांगा.

ओवी_अभंग
विठ्ठल तिथून परत आला म्हणून तर रिकामा! कृष्णदेवरायाने मूर्ती पंढरपूरहून नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली.

कोरडा_इतिहास
ही परंपरेतली कथा आहे, इतिहास म्हणून सांगू नका. १५६५ ला विजयनगर तालिकोटची लढाई हरल्यावर या शहराचा विध्वंस झाला, रिकामे गाभारे तिथं पावलोपावली आहेत.

ओवी_अभंग
तुमच्याकडे पुरावा नाही म्हणून आमच्या चारशे वर्षांच्या श्रद्धेला कथा म्हणायचं का?

कोरडा_इतिहास
कथा म्हणणं म्हणजे शिवी नव्हे.

सुट्टे_पैसे
पन्नासची नवी नोट उलटी करून बघा, तिथला दगडी रथ आहे. आईंना फोटो काढायला नोट बरोबर न्या.

कोरडा_इतिहास
तो रथ नाही, रथाच्या आकाराचं गरुडाचं देऊळ आहे. वर विटांचं शिखरही होतं, १८५६ च्या फोटोत दिसतं.

सुट्टे_पैसे
नोटेवर नाही दिसत.

पायपीट
मूळ प्रश्नाकडं या रे. गुडघ्यासाठी सांगते, माझ्या सासूबाईंना नेलं होतं. विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जात नाही, साधारण एक किमी अलीकडं लावायची, पुढं बॅटरीची गाडी असते. सकाळी लवकर जा, नंतर तिची रांग वाढते. आत अंगण सपाट आहे पण मंडपाचं जोतं उंच, हात धरावा लागतो. तिथले सूर निघणारे खांब वाजवायला देत नाहीत, कुणी गाईड म्हणाला तरी नाही. लोटस महाल, हत्तींचे तबेले सपाट हिरवळीवर आहेत, आणि तिकीट फेकू नका, त्याच दिवशी लोटस महाल आणि विठ्ठल मंदिर दोन्हीकडं एकच चालतं. उग्रनरसिंहाची मूर्ती रस्त्यालगतच, दोन पावलं. महानवमी दिब्बा, म्हणजे तो उंच दगडी चौथरा, खालूनच बघा, पायऱ्या फार उंच.

मिरज_जंक्शन
परतीलाही हरिप्रियाच

पायपीट
त्यांच्याकडे गाडी आहे!!

बदामी_हलवा
एक सुचवू का, हम्पीपेक्षा बदामी, ऐहोळे, पट्टदकल करा. गर्दी कमी आणि हम्पीच्या सातशे-आठशे वर्षं आधीचं.

चटणीभाकर
नाही हो, तिला विठ्ठलाचंच बघायचंय.
अपडेट: रद्द केलं, पैसे येतील म्हणाला. कमलापूरला खोली मिळाली, भाताची शेतं नाहीत, समोर पेट्रोल पंप आहे. आईला धीर करून सांगितलं की गाभारा रिकामा आहे. ती म्हणाली, मग बरंय, रांग नसेल. आणि पिशवीत तुळशीची माळ आधीच टाकून ठेवली होती, ती काही काढली नाही. पायपीटताई, दगडफूल, आभार. हुबळीवरून यावं का सोलापूर-विजापूरवरून?

डोंगरवेडा
कुठूनही या, पण मतंगचं काय ठरलं?