मदत हवी आहे: जुन्या फियाटचा डायनॅमो रेग्युलेटर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. वडिलांची फियाट ११०० डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिन झकास, पण बॅटरी चार्ज होत नाही. रेस दिली तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नाही. आमच्या वायरमनने रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) बाजूला ठेवून डायनॅमो (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) थेट तपासला, तेव्हा व्होल्टेज व्यवस्थित आलं. म्हणजे दोष रेग्युलेटरमध्येच. उघडला तर कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट पार जळालेले. घासून पाहिले, उपयोग नाही.

पुण्यात नाना पेठ पालथी घातली. जो तो म्हणतो, 'डायनॅमो काढून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा, कटकट मिटेल.' नंतरच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा बसेलही, पण मला गाडी मूळ रूपातच ठेवायची आहे. (हट्ट म्हणा हवं तर!)

१२ व्होल्टचा, निगेटिव्ह अर्थचा (बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेल्या गाडीचा), डायनॅमोसाठीचा रेग्युलेटर मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे अलीकडे कुणाला मिळालाय का? नुसता जुना डबा मिळाला तरी चालेल. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून देणारा कारागीर कुणाच्या माहितीत आहे का? डायनॅमोचे कार्बन ब्रशही हवेत. स्कूटरचे घासून बसवा, असले सल्ले मात्र कृपया नकोत.