'हॅलोविन' (१९७८): नाही नाही म्हणताना आवडलेला स्लॅशर

स्लॅशर सिनेमांना मी कायम नाक मुरडत आले. मुखवटा घातलेला एक माणूस, हातात सुरा, एकामागून एक मरणारी तरुण पोरं. यात बघायचं काय? मागच्या आठवड्यात धाकट्या भावाने हट्टाने जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' लावला. दहा मिनिटं बघून उठणार होते. संपला तेव्हा पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी एकटीने पुन्हा पाहिला.

मला धरून ठेवलं ते वाळत घातलेल्या कपड्यांनी. लख्ख उजेड आहे. सिनेमाची नायिका, शाळकरी लॉरी, खोलीच्या खिडकीतून खाली बघते. अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी हलतायत आणि त्यांच्यामध्ये तो मुखवटेवाला खुनी उभा आहे. काही करत नाही, नुसता वर बघतोय. पुढच्या क्षणी तिथे फक्त चादरी. ना किंकाळी, ना रक्त. रक्त तर अख्ख्या सिनेमात नावापुरतंच आहे, आणि मी इतकी वर्षं त्याच धास्तीने हे सिनेमे टाळत होते!

हा प्रकार न आवडणाऱ्या, पण या एका सिनेमाने जिंकलेल्या आणखी कुणाचे अनुभव असतील तर जरूर लिहा. नेमकं काय भावलं ते सांगा. शेवटाबद्दलही मोकळेपणाने बोलू. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या.

*

चादरींचं अगदी पटलं. मी मात्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा कंटाळून अर्ध्यातच बंद केला होता. घासलेली व्हिडिओ कॅसेट आणि चौकोनी टीव्ही. हा सिनेमा पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीत चित्रित झालाय हे तेव्हा माहीतच नव्हतं. त्याची निम्मी भीती कडांना असते आणि माझ्या कॅसेटवर नेमक्या कडाच छाटलेल्या होत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी रुंद पडद्यावर पाहिला. लॉरी स्वतःशीच गाणं गुणगुणत रस्त्याने दूर चालली आहे, आणि चौकटीच्या कडेने एक खांदा हळूच आत येतो. फक्त खांदा आणि श्वासाचा आवाज. नंतरचं ते दार तर विसरता येत नाही. ती दाराशेजारी भिंतीला टेकून रडतेय, शेजारी गडद अंधार आहे, आणि त्या अंधारात पांढरा मुखवटा इतका सावकाश उमटतो की आपले डोळेच अंधाराला सरावतायत असं वाटतं. छायाचित्रकार डीन कंडीची ही करामत. माझ्या कॅसेटवर तिथे नुसता काळा डाग होता. एवढी वर्षं मी भलत्याच सिनेमाला नावं ठेवत होतो.

*

मी तबला वाजवतो, त्यामुळे मला आधी पकडलं ते पियानोने. संगीतही कार्पेंटरचंच आहे. पाचाचा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता, तोच त्याने इथे वापरला. मी मांडीवर बोटांनी धरून पाहिला. दहा मात्रा भरतात, पण खंड पडतात ३-३-२-२ असे. झपतालाच्या २-३-२-३ला सरावलेला हात दर आवर्तनात अडखळतो. पाऊल टाकावं आणि पायरी जरा खाली निघावी, तसं होतं. चित्र बंद करून नुसतं ऐकलं तरी पाठ ताठ होते.

*

नेपथ्याचं काम करते, म्हणून माझा जीव पानांवर. गोष्ट इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात, ऑक्टोबरअखेर, पानगळीत घडते. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. मग कागदी पानं रंगवायची, रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या रस्त्यावर न्यायची. सगळं मिळून बजेट तीन-सव्वातीन लाख डॉलरचं. मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा स्वस्त रबरी मुखवटा: भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, वरून पांढरा रंग फासला. हे वाचलं त्या दिवसापासून मला या सिनेमाबद्दल माया वाटते. पैसे नाहीत म्हणून हात आखडले नाहीत, डोकं चालवलं.

*

मी अजून पूर्ण विरघळलेली नाही. मौजमजा करणाऱ्या मुली मरतात आणि साधी, अभ्यासू मुलगी वाचते, हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. असा नीतिपाठ द्यायचा नव्हता असं कार्पेंटरने सांगितलंय, पण पडद्यावर जे दिसतं ते दिसतंच.

तरी मी हा सिनेमा चारदा पाहिलाय, तो लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिससाठी. तिचा हा पहिलाच चित्रपट. कपाटातला प्रसंग आठवा. झडपांचं दार, बाहेरून तो ते फोडतोय, आत ती कपड्यांखाली अंग चोरून बसलीय. थरथरत्या हातांनी ती तारेचा हँगर उलगडून सरळ करते. रडणं थांबत नाही आणि हातही थांबत नाहीत. घाबरलेली आणि तरी कामाला लागलेली बाई इतकी खरी मला फार कमी वेळा दिसली. मुलींच्या आपसातल्या गप्पाही खऱ्या वाटतात. पटकथेत डेब्रा हिलचा अर्धा वाटा आहे आणि त्या गप्पा मुख्यतः तिनेच लिहिल्या.

*

मला नाही आवडला. संथ वाटला. पण रात्री झोपण्याआधी कपाटाचं दार दोनदा तपासलं, हे इथे नोंदवायलाच हवं.

*

माझा क्षण अगदी शेवटचा. झटापटीत लॉरीच्या हाताने त्याचा मुखवटा निघतो आणि खाली एका साध्या तरुणाचा चेहरा असतो. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्या पात्राला नाव नाही, नुसतं 'द शेप', म्हणजे आकार. पहिल्या प्रसंगात, १९६३ साली, बापाने मुखवटा ओढून काढल्यावर दिसलेला सहा वर्षांचा पोरगा, म्हणजे लहानपणीचा हाच खुनी, मला तिथे आठवला. ती हाताशी आहे, श्वास घ्यायलाही तिच्यात त्राण नाही, आणि तो तिला सोडून आधी मुखवटा पुन्हा चढवू लागतो. तेवढ्या वेळात त्याच्या मागावर असलेला त्याचा मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर लूमिस, पिस्तूल रोखतो.