चर्चा: ग्राफ डेटाबेस रिपोर्टिंग टूलला थेट डेटा सोर्स म्हणून जोडावा का?

भोसरीकर

माझं मत आधीच सांगतो: जोडू नये. मधे एक छोटी सेवा (दोघांमधला प्रोग्राम) ठेवावी, ठरलेले प्रश्न तिच्यात लिहावेत आणि रिपोर्टवाल्यांनी तिच्याकडूनच उत्तरं घ्यावीत.

भोसरी एमआयडीसीत आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. कोणत्या हीटचं (भट्टीतल्या एका वितळणीचं) स्टील कोणत्या लॉटमध्ये गेलं, तो लॉट कोणत्या मशिनवर चढला, हीट ट्रीटमेंटला बाहेर कुणाकडे गेला आणि शेवटी कोणत्या चलनावर चाकणच्या ग्राहकाकडे पोचला, ही सगळी साखळी आम्ही निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातले जोड साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतो. तक्रार आली की मागे मागे जात हीट नंबर गाठायचा आणि तिथून पुन्हा पुढे येत त्याच हीटचे बाकीचे भाग कुठे गेले ते काढायचं. या कामाला ग्राफइतकं सोयीचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी गुणवत्ता विभागाला डॅशबोर्ड हवा होता. मी टूलमध्ये जेडीबीसी ड्रायव्हर (टूलला डेटाबेसशी जोडणारा भाग) टाकला, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ७६८७, युजर, पासवर्ड भरला, 'टेस्ट कनेक्शन' हिरवं झालं. दहा मिनिटांचं काम. तिसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याने क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिताना किती पायऱ्या मागे जायचं याची मर्यादाच घातली नाही. निओफोरजेच्या क्वेरीच्या भाषेत, सायफरमध्ये, नुसता तारा (*) टाकला की मिळतील तेवढ्या सगळ्या वाटा शोधल्या जातात. आमच्याकडे एकच मशिन हजारो लॉटना जोडलेलं, त्यामुळे वाटा बेरजेने नाही, गुणाकाराने वाढल्या. सर्व्हरची मेमरी भरली आणि दुसऱ्या पाळीत शॉप फ्लोअरचं लॉट स्कॅनिंग पाऊण तास बंद पडलं. ऑपरेटरांनी वहीत नंबर लिहून काढले. दोष त्या सहकाऱ्याचा नाही, तो दरवाजा मीच उघडा ठेवला होता.

कोथरूड_डेटा

दरवाजा उघडा होता म्हणून भिंतच बांधायची? थेट जोडणी चुकीची नाही, तुमची जोडणी अर्धवट होती. निओफोरजे ५ मध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारं काम) टाइमआउटची सेटिंग मुळात शून्य असते, म्हणजे क्वेरी कितीही वेळ चालली तरी सर्व्हर तिला थांबवत नाही. एका ट्रान्झॅक्शनने किती मेमरी घ्यावी याचीही वेगळी सेटिंग आहे, तीही मुळात मोकळीच. या दोन्ही ओळी लिहिल्या असत्या तर सहकाऱ्याच्या स्क्रीनवर एरर आली असती आणि शॉप फ्लोअरला पत्ताही लागला नसता. कॉन्फिगरेशन म्हणजे फक्त पत्ता आणि पासवर्ड नव्हे.

आणि रिपोर्टसाठी फक्त वाचणारा वेगळा युजर का नाही केलात?

भोसरीकर

टाइमआउटचं मान्य, ती चूक माझी. पण ती मर्यादा पूर्ण सर्व्हरला लागते आणि आमची रात्रीची आयात एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चार-पाच मिनिटं चालते. रिपोर्टसाठी तीस सेकंद ठेवले तर आयात मरते.

वाचणाऱ्या युजरचं म्हणाल तर आम्ही निओफोरजेची फुकट कम्युनिटी आवृत्ती वापरतो. तिच्यात रोल, म्हणजे कुणी काय करावं याचे वेगवेगळे हक्क, नाहीत. नवा युजर बनवा, तोही सगळं लिहू-पुसू शकतो. 'मी फक्त वाचणार' असं सेशन उघडताना सांगता येतं आणि मग सर्व्हर लिहू देत नाही, पण ते सांगणारा क्लायंटच, म्हणजे जोडणारं टूलच. उद्या त्याने नाही सांगितलं तर? माझ्या सेवेच्या हट्टामागचं खरं कारण हे आहे. रोल असलेल्या विकतच्या एंटरप्राइझ आवृत्तीचा परवाना आमच्यासारख्या कारखान्याला झेपणारा नाही.

कोथरूड_डेटा

आयात दहा-दहा हजार ओळींच्या तुकड्यांत करा, ती तशीही एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवू नये. मधे तुटली तर सगळी रात्र वाया. रोलच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

हडपसरचा_पोस्टग्रेसवाला

मुळात ग्राफ कशाला? पोस्टग्रेस या टेबलांच्या डेटाबेसमध्ये रिकर्सिव्ह क्वेरी (स्वतःलाच पुन्हा पुन्हा लावत साखळी काढणारी) २००९ पासून आहे, ८.४ आवृत्तीत आली. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून चक्र (फिरून त्याच जागी येणारी साखळी) ओळखायचीही सोय आहे. फक्त वाचणारा रोल फुकट मिळतो, प्रत्येक रिपोर्टिंग टूल त्याला जोडलं जातं. तुमची निम्मी चर्चा उरतच नाही.

भोसरीकर

चार वर्षं तेच केलं. रीवर्कचा लॉट मागे येतो, दोन लॉट एकत्र होतात, एकाचे तीन होतात. दर वेळी नवं टेबल आणि क्वेरीत नवा जोड. ती क्वेरी दीड पान झाली तेव्हा ती वाचता येणारा मी एकटाच उरलो होतो. रोलचा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे.

बाणेरची_ॲनालिस्ट

मी पलीकडच्या बाजूने बोलते. आमच्या ऑफिसात भोसरीकर म्हणतात तशीच मधली सेवा आहे. ठरलेले अकरा प्रश्न. बारावा प्रश्न पडला की तिकीट (कामाची मागणी) टाकायचं, मग बैठक, मग पुढचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा). मागच्या वेळी माझ्या एका साध्या मोजणीला तेरा दिवस लागले, तोवर निर्णय होऊन गेला होता. डेटाशी झटापट केल्याशिवाय कोणता प्रश्न विचारायचा हेच कळत नाही, आणि ती झटापटच तुम्ही बंद करता आहात. एकदा स्कॅनिंग बंद पडलं याचं दुःख मला समजतं. पण न विचारलेल्या प्रश्नांचं नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

एक कामाची गोष्टही सांगते, कारण यावर माझे दोन दिवस गेले होते. रिपोर्टिंग टूलला टेबल हवं असतं. क्वेरीच्या शेवटी नोड (ग्राफमधला एक बिंदू) किंवा अख्खी वाट परत पाठवली तर टूलला त्याचं काय करायचं कळत नाही. लॉट नंबर, तारीख, नग असे सुटे रकाने नाव देऊनच परत पाठवा.

खराडी_ऑप्स

तुम्ही परवानगीवर भांडताय, पण मला येणारे निम्मे फोन पत्त्यावरचे असतात. पत्त्याची सुरुवात 'बोल्ट'ने केली तर ड्रायव्हर त्या एकाच सर्व्हरशी बोलतो. 'निओफोरजे'ने केली तर तो आधी सर्व्हरलाच विचारतो, 'कुणाशी बोलू?' डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायच्या सोयीत) चालणारा सर्व्हर बाहेर जाहीर करायचा पत्ता न बदलल्यामुळे 'लोकलहोस्ट' असं उत्तर देतो आणि तुमचा लॅपटॉप स्वतःलाच शोधत बसतो. एकच सर्व्हर असेल तर सरळ 'बोल्ट' लिहा. आणि त्या 'बोल्ट'च्या शेवटी '+एसएससी' लावून मोकळे होऊ नका. तेव्हा माहिती सांकेतिक होऊन जाते, पण समोरचं सर्टिफिकेट (तो सर्व्हर खरा असल्याचा पुरावा) तपासलं जात नाही.

कोथरूड_डेटा

एकच सर्व्हर असला तरी मी 'निओफोरजे'च लिहीन आणि जाहीर पत्ता नीट करीन. उद्या क्लस्टर (एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर) झाला तर वीस टूलमधले पत्ते बदलत कोण फिरणार?

खराडी_ऑप्स

भोसरीच्या कारखान्यात क्लस्टर येणार नाही. आज चालेल ते लिहा.

भोसरीकर

बाणेरच्या ताईंचं म्हणणं मला दोन दिवस छळत होतं. मग वाटलं, प्रत काढून देता येईल. कम्युनिटीमध्ये डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्यायचा तर डेटाबेस थांबवावा लागतो. आमच्या तिन्ही पाळ्या चालतात, त्यामुळे रोज ते शक्य नाही. पण गुरुवारी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी. तेव्हा सकाळी डंप घेईन, बाजूला पडलेल्या मशिनवर चढवीन आणि तिचा पत्ता थेट सगळ्यांना देईन. तिथे मर्यादा नसलेली क्वेरी लिहिली तरी स्कॅनिंगला धक्का लागणार नाही. चालू सर्व्हरला मात्र फक्त सेवाच बोलेल.

बाणेरची_ॲनालिस्ट

चांगलं आहे, पण बुधवारी ग्राहकाची तक्रार आली तर तुमची प्रत सहा दिवस जुनी. शनिवारी गेलेला माल तिच्यात नाहीच.

भोसरीकर

तक्रारीचा शोध हा ठरलेलाच प्रश्न आहे. तो सेवेत, ताज्या डेटावर.

बाणेरची_ॲनालिस्ट

आणि प्रतीवर सापडलेला नवा प्रश्न ताज्या डेटावर विचारायचा असेल, तर तो सेवेत घालायला किती दिवस लागतील? आकडा इथे लिहा.

भोसरीकर

दोन कामाचे दिवस. आणि ती क्वेरी विचारणाऱ्यानेच लिहायची, मी फक्त पायऱ्यांची मर्यादा तपासणार.