जुहू कबरस्तान: रफीसाहेबांची कबर कुठे आहे?

ए-३०४: ३१ जुलैला आम्ही चौघं जुहूच्या कबरस्तानात जातोय. रफीसाहेबांची कबर गेटमधून शिरल्यावर कुठल्या बाजूला?

सी-७०२: ताई, दगड बघायला जाणार असाल तर हिरमोड होईल. २०१० साली पक्क्या कबरी काढल्या. रफी, मधुबाला, साहिर, तिघांच्याही. आता चाहते जवळचं एक नारळाचं झाड खूण म्हणून धरतात. आत कुणालाही ‘रफीसाहेबांचं झाड’ विचारा.

बी-१०१: कमाल आहे! मधुबालाची तर संगमरवरी होती ना? पाडायचं कारण काय?

सी-७०२: हो काका, संगमरवरीच. ती गेली फेब्रुवारी १९६९ मध्ये, रफी ३१ जुलै १९८०ला, साहिर त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला. पुढे नव्या दफनांना जागा उरेना. मुंबईत कबरस्तान वाढवायला जमीन आणायची कुठून?

डी-५०३: शिवाय कबर पक्की बांधू नये असं मानणारे बरेच आहेत. कच्ची असली की मयत मातीत मिसळल्यावर तीच जागा पुन्हा उघडता येते. खणताना हाडं निघाली तर त्याच खड्ड्यात बाजूला पुरतात. वर बांधकाम असलं की ती जागा कायमची अडते.

ए-३०४: पण मुळात दगड टिकतो का त्या मातीवर?

डी-५०३: नीट बसवला नाही तर नाही टिकत. मयत कफनात, उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. मुंबईहून मक्का पश्चिमेला, म्हणून डोकं उत्तरेला. वर फळ्या टाकून मग माती, म्हणजे माती थेट अंगावर पडत नाही. काही पावसाळ्यांत फळ्या कुजतात, आतली पोकळी बसते आणि वरची माती खचते. घाईने लादी टाकलेली असेल तर ती मधोमध तडकते किंवा एका अंगाला कलते. कच्च्या कबरीवर चार घमेली माती ओढली की काम झालं.

बी-१०१: तांत्रिक कारण पटलं. तरी नावांची एक पाटी भिंतीवर लावली तर कुणाची जागा जाते? श्रीकांत ठाकऱ्यांच्या चालीवर मराठीत गायलेला माणूस आहे तो.

सी-७०२: शंभर टक्के. संगीतकार नौशाद (मृत्यू २००६), शायर अली सरदार जाफरी (मृत्यू २०००) यांचं दफनही तिथलंच. दिलीपकुमारांचं दफनही ७ जुलै २०२१ला तिथेच, शासकीय इतमामात झालं.

ई-२०२: दगड बघायचेच असतील तर शिवडीला जा. १८६५ साली आर्थर क्रॉफर्डने, हो, मार्केटवालाच, युरोपियनांसाठी ते ख्रिस्ती कबरस्तान सुरू केलं. व्हीटीचा आर्किटेक्ट स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवेचा विटेट (१९२६) दोघंही तिथेच. ऑफिसात विचारताना नाव आणि दफनाचं वर्ष दोन्ही सांगा, नुसत्या आडनावावर रजिस्टर चाळत बसावं लागतं.

ए-३०४: शिवडी पुढच्या महिन्यात. जुहूला बायकांना आत सोडतात का?

सी-७०२: ते गेटवरच विचारा. प्रत्येक कबरस्तानाची रीत वेगळी. फोटोचंही आधी विचारा, तिथे रोज कुणाचं ना कुणाचं दफन चालू असतं. जुलैत चिखल होतो, चपला नकोत, बूट घाला. आणि उंचवट्यांमधून चाला, त्यांच्यावरून नाही. खचलेली कबर सपाट जमिनीसारखीच दिसते.