मदत हवी आहे: सेवेसाठी विचारलंय, पण मन कचरतंय

सर्वांना सलाम. मी नाशिकचा, शरणपूर भागात राहतो. चर्चच्या तरुण संघात बायबलमधलं वचन सांगायची जबाबदारी घेशील का, असं पाळकसाहेबांनी विचारलंय. तीन आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही. चारचौघांत बोलताना मी अडखळतो, अगदी लहानपणापासून.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचे अध्याय 3 आणि 4 पुन्हा वाचले. देवाने सेवेला बोलावलं तेव्हा मोशेनेही जड जिभेचं कारण पुढे केलं होतं. देवाने त्याला मोकळं सोडलं नाही, पण बोलायला त्याचा भाऊ अहरोन याला सोबत दिलं. या सोबतीचाच मला फार धीर वाटतो. बायबलमधल्याच गिदोनाने तर देवाच्या बोलावण्याची खात्री करायला लोकरीची खूण दोनदा मागितली: आधी फक्त लोकर दवाने भिजावी, मग फक्त लोकर कोरडी राहावी. मीही खूण मागावी का, की तो अविश्वास ठरेल?

तुमच्यापैकी कोणी असं घाबरत घाबरत ‘हो’ म्हटलंय का? पहिल्या दिवशी कसं निभावलंत? येत्या रविवारी उत्तर द्यायचंय.