चित्र काढणे ही साधना होऊ शकते का?

प्रश्न

नमस्कार. मी पंचवटीत राहतो. निवृत्तीनंतर सकाळी वही-पेन्सिल घेऊन गोदाघाटावर बसतो आणि कधी नारोशंकराच्या देवळाचे, कधी दुतोंड्या मारुतीचे रेखाटन करतो. जपमाळ हातात घेतल्यावर जे चित्त ठिकाणावर राहत नाही, ते रेखाटताना आपोआप स्थिर होते. परंतु चित्र पूर्ण होताच ते कसे उतरले, कोणाला दाखवावे, असे विचार सुरू होतात आणि मघाची शांतता विरून जाते. अशा स्थितीत चित्रकलेला साधना म्हणावे का, आणि म्हणायचे असेल तर या दाखवण्याच्या ओढीचे काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

काका, मी शाळेत चित्रकला शिकवते. आपले चित्त स्थिर होते, कारण त्या वेळी आपण खरोखर पाहत असता. एरवी आपण पाहण्याआधीच ओळखून मोकळे होतो. नारोशंकराच्या प्रवेशद्वारावरची घंटा काढताना बहुतेक जण डोक्यात ठसलेला घंटेचा आकार कागदावर उतरवतात. तिच्या काठाची जाडी, आतला अंधार आणि त्या अंधारातही एका बाजूने शिरलेला उजेड त्यांच्या नजरेतून सुटतो. हात नजरेच्या पुढे धावू लागला की थांबावे आणि पुन्हा पाहावे. ‘मला माहीत आहे’ हा भाव गळून पडणे ही माझ्या मते साधनेची सुरुवात आहे.

प्रतिसाद २

दाखवण्याच्या ओढीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याकडे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण काढतात. त्यात झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख-चक्र, गोपद्मे, कासव, नाग, तुळशीवृंदावन अशी किती तरी चिन्हे असतात, आणि माझी आई ती रांगोळीच्या चिमटीतून इतक्या सावकाश सोडत असे की गोपद्माची रेघही कुठे तुटत नसे. ते चैत्रांगण दारातच असे, येणारा-जाणारा प्रत्येक जण ते पाही, कौतुकही करी. दुसऱ्या दिवशी मात्र सडा पडे आणि आई पुन्हा पहिल्या बिंदूपासून सुरुवात करी. म्हणजे दाखवण्यात दोष नसावा. ते जपून ठेवण्याच्या, ‘माझे’ म्हणण्याच्या हव्यासात असावा.

वारली समाजातला लग्नचौकही असाच आहे. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात, त्याशिवाय लग्न लागत नाही, आणि त्या चौकाखाली कोणाची सही नसते. पुढे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रे कागदावर आली, जगभर पोहोचली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्रीही मिळाली. तरी चौकाचे मूळ स्थान देवकार्यातच आहे. आपणही काही चित्रे पाटीवर काढून पुसून पाहावीत, असे सुचवतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु शांत वाटणे आणि अंतर्मुख होणे यांत अंतर आहे. हिशेब तपासतानाही मन एकाग्र होते. तेवढ्याने त्याला साधना म्हणत नाहीत. चित्र काढून झाल्यावर आपल्या मनात काय उठते, याकडे आपण पाहू लागलात, म्हणून तर हा प्रश्न आपल्याला पडला, आणि मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

जमल्यास पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यासमोर बसावे. व्हरांड्याच्या खाली सहा यक्षांनी दगडी तुळयांचा भार पेलला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने हे लेणे दान दिल्याचा मोठा शिलालेख तिथे आहे. त्यात राजाचे गुणगान सविस्तर आहे, कोरणाऱ्या कारागिरांची नावे मात्र नाहीत. त्या यक्षांचे ताणलेले खांदे रेखाटताना आपल्या ओढीकडेही लक्ष ठेवावे, आणि ती उठली की कागदाच्या कडेला बारीकशी खूण करून पुन्हा रेषेकडे वळावे. जपही सोडू नये. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे काही नाही.